दोनशे बारा फाइली

"तिन्ही ठिकाणी रिकामं आहे," काका म्हणाले. पिशवीतून लॅपटॉप आणि दोन हार्ड डिस्क काढून त्यांनी काउंटरवर एका रेषेत मांडल्या.

दुरुस्तीवालीने दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. "तिन्हीकडे एकदम कसं रिकामं होईल, काका? शेवटचं काय केलंत?"

"दर शनिवारी करतो तेच. सकाळी दोन्ही डिस्क लॅपटॉपशी जुळवल्या. लॅपटॉपमध्ये नाही ते डिस्कमध्येही राहता कामा नये. तीस वर्षं मी वजनं आणि मापं तपासली आहेत. दोन प्रतींत फरक दिसला की मला झोप येत नाही."

"आणि जुळवायच्या आधी लॅपटॉपमधला फोल्डर पुसला गेला होता."

काकांनी चष्मा काढला. "बोट घसरलं असणार."

"म्हणजे चूक एकाच ठिकाणी झाली आणि तुम्ही ती इमानेइतबारे तिन्हीकडे पोचवलीत. या तीन प्रती नव्हेत. एक प्रत आणि तिचे दोन आरसे."

"बोला, बोला. चूक माझीच आहे."

ती हसली, पण त्यांचा चेहरा पाहून थांबली. "काय होतं त्यात?"

मुलीच्या संशोधनाच्या नोंदी. मुलगी परदेशात एका प्रयोगशाळेत होती. तिथल्या यंत्रांवर तिचा भरवसा नव्हता. चार वर्षांपूर्वी आईचे दिवस झाले, मुलगी परत गेली, आणि त्याच आठवड्यात पहिली फाइल आली. मग दर आठवड्याला एक. वडिलांनी ती तीन ठिकाणी ठेवायची, आलेली मेल पुसायची, आणि फाइल उघडायची नाही. रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा. किती फाइली झाल्या, तिन्हीकडे सारख्या आहेत ना, असं ती विचारायची.

"तिलाच विचारा ना. मूळ प्रत असेल तिच्याकडे."

"नाही!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तिला कळता कामा नये. कळलं तर म्हणेल, राहू द्या बाबा, तुम्हाला त्रास नको. उद्या अकराच्या आत झालं पाहिजे."

"प्रयत्न करते. पुसल्यावर त्यावर काही नवीन साठवलं नसेल तर बरंच परत मिळतं. तुम्ही घरी जा, फोन करीन."

"घरी काय आहे? बसतो इथेच."

ते भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. तिने डिस्क यंत्राला जोडली आणि शोध सुरू केला. दुपारी तिने डबा उघडला आणि अर्धी पोळी त्यांच्यापुढे केली. त्यांनी मान हलवली, मग घेतली.

"तुम्ही रोज एकट्याच जेवता?" त्यांनी विचारलं.

"स्क्रीन असते की समोर. आणि फोनवर तुमचं काय बोलणं होतं?"

"फाइलींचं दोन मिनिटांत आटपतं. मग जेवलात का, चालायला गेला होतात का, गॅस बंद केलात का. वकिलासारखी उलटतपासणी घेते. तासभर जातो."

चारच्या सुमारास यादी पुरी झाली. दोनशे बारा. काका स्टुलावरच पेंगत होते.

परत मिळालेल्या फाइलींची कधीकधी नुसती नावं उरतात आणि आतला मजकूर गेलेला असतो. त्यामुळे काही उघडून पाहिल्याशिवाय ती काम संपलं असं मानत नसे. तिने पहिली उघडली. चाळीस पानं, सगळी कोरी. तिने शंभरावी उघडली. कोरी. शेवटचीही तशीच.

बिघडलेली फाइल धड उघडत नाही. या झटकन उघडत होत्या. प्रत्येक पानाच्या तळाशी क्रमांकही नीट होता, एक ते चाळीस. त्यावरचं काही गेलंच नव्हतं. कुणीतरी दर आठवड्याला बसून चाळीस कोरी पानं तयार केली होती आणि ती जपायला पाठवली होती.

तिने स्टुलाकडे पाहिलं. काकांचा एक हात झोपेतही रिकाम्या पिशवीवर होता. मग तिने सगळं तिन्ही ठिकाणी उतरवलं, फाइली मोजल्या आणि त्यांना हाक मारली.

"दोनशे बारा, काका. एकही कमी नाही. यापुढे एक डिस्क लॅपटॉपशी न जुळवता बाजूला ठेवायची. कळलं?"

काकांनी तिन्ही ठिकाणचा आकडा स्वतः वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा. त्यांचे डोळे भरून आले होते.

"उघडून पाहिल्यात?"

"दोनतीन." तिने केबल गुंडाळायला घेतली. "मजकूर जसाच्या तसा आहे. बराच मोठा अभ्यास दिसतोय तिचा."

काकांनी डिस्क एकेक करून पिशवीत ठेवल्या. दाराशी जाऊन ते थांबले.

"खोटं तुम्हाला माझ्या मुलीपेक्षा बरं बोलता येतं," ते म्हणाले. "उद्या अकराला मलाही एवढं जमलं म्हणजे झालं."