काळा तंतू

विणकर बाईंनी ‘शुद्ध लोकर’ म्हणून आमच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलेल्या शालीत एक काळा तंतू निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर लोकरीचे खवले दिसेनात, आणि काडी लावली तर वितळून त्याची गोळी झाली.

“कृत्रिम! भेसळ!” आमचे सर कडाडले. “बाईंचा सगळा माल नापास करा.”

“सर, आपल्याच कुणाच्या अंगावरून पडला असेल तर?” मी भीत भीत विचारलं.

“मग होऊन जाऊ दे! प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाकडून नमुना घ्या.”

घेतले. ॲप्रन, स्वेटर, रुमाल, झाडणाऱ्या मावशींची ओढणी, खिडकीचा पडदासुद्धा. एकही जुळेना.

“झालं ना समाधान?” सर म्हणाले. साठीला टेकले तरी त्यांचा एक केस पांढरा नव्हता, की पंख्याखाली कधी हलला नव्हता.

“एक सोडून सगळं तपासलं, सर.” माझी नजर नको तिथे गेली आणि मी ती घाईघाईने टेबलावर आणली.

सरांनी डोक्यावरचा केसांचा टोप काढून माझ्यासमोर ठेवला.

“घ्या नमुना,” ते म्हणाले. “पण आधी बाईंना फोन लावा.”