धडधड

“रिकामं मशीन रात्रभर फिरवतोस, येल्मर? डोकं ठिकाणावर आहे ना?” खालच्या मजल्यावरच्या ट्रूस काकू दारातच सुरू झाल्या. “कानात बोळे घाला,” येल्मर खेकसला. “शाळा सोडलीस, अक्कलही सोडलीस?” त्यानं दार सताड उघडलं. आत आजोबांचा पलंग कपडे धुण्याच्या मशीनला चिकटवलेला होता. पोटऱ्या थरथरत्या पत्र्याला टेकवून ते घोरत होते. जन्मभर ऱ्हाईन नदीवर मालवाहू बोट चालवली, इंजिनाच्या धडधडीवरच झोपले. बोट विकली आणि रात्री पाय वळवळायला लागले. गोळ्यांनी काही झालं नाही. काकू आत डोकावल्या. “मशीन थांबलं की?” “पाय सुरू. मग पहाटेपर्यंत भिंत धरून चालतात.” येल्मरनं पिशवी खांद्याला अडकवली. “मला बोटीवर काम मिळालंय.” “आणि यांचं काय?” त्यानं घराची किल्ली काकूंच्या हातात ठेवली. “डावीकडचं बटण दाबायचं. मला निघायला हवं.”