बंदी उठली त्या दिवशी

चैतरामनं भिंतीच्या पलीकडून हात पुढे केला, पण त्याला द्यायला महागूला दगड सापडेना. समोर ढीग पडला होता, तरी सापडेना.

दोन महिन्यांनी काम सुरू झालं होतं. किरनापूरजवळच्या त्या गावात देवीची साथ आली आणि गावाबाहेर जायला, चौघांनी एकत्र जमायला बंदी झाली. रानडुकरांनी शेतात शिरू नये म्हणून ही पाच जणांची टोळी डोंगराकडेला नुसत्या दगडांची भिंत रचत होती. माती नाही, चुना नाही. ती कमरेएवढी होऊन थांबली. काल संध्याकाळी बंदी उठल्याची दवंडी फिरली आणि आज टोळीतले चौघं आले. पाचव्याला, सुखरामला, कुणी बोलावलं नाही.

भिंत एक जण अलीकडून रचतो, दुसरा पलीकडून. महागू आणि चैतरामची ही जोडी बारा वर्षांची. दिवसभर तोंडासमोर तोंड.

साथीच्या पहिल्याच आठवड्यात चैतरामच्या मुलीला, सीतेला, देवी आल्या. त्याच्या आईनं नातीला धानाच्या कोठीमागे लपवलं. चैतरामनं ते विहिरीवर एकट्या महागूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी महागूनं गावात आलेल्या लस टोचणाऱ्या लोकांना घर दाखवलं. गाडी आली आणि सात वर्षांच्या सीतेला बालाघाटच्या दवाखान्यात घेऊन गेली. पोर परत आली नाही. चुगली सुखरामनंच केली, असं गावानं ठरवलं. त्या लोकांना पाणी देताना तोच दिसला होता. महागू गप्प राहिला.

आता तो एक दगड उचलायचा, फिरवून बघायचा, टाकून द्यायचा. बसवलेलाही काढून पुन्हा बसवायचा.

"काय होऊन राह्यलं तुले?" चैतरामनं विचारलं.

महागू सरळ उभा राहिला. "सुखराम नाही, चैतराम. मीच सांगतलं होतं लसवाल्याइले."

बाकीचे दोघं लांब नाल्यात दगड काढत होते. चैतरामनं एकदा तिकडे पाहिलं.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "घरात अजून दोन लेकरं होती. मायपुढं माह्याच्यानं बोल्लं नाही गेलं. तू सांगशील, म्हनून तुले सांगतलं."

महागूनं विचारलं, "अन् सुखराम?"

धोतराला हात पुसून चैतराम गावाच्या वाटेला लागला. महागूही भिंत ओलांडून निघाला. दोघं आधी चालत होते, मग भरभर, शेवटी जवळजवळ धावत सुखरामच्या दारात पोचले.

दाराला कुलूप होतं. शेजारची गोदाबाई अंगण सारवत होती. तिनं मान वर केली.

"सकाळीच गेला बायको-लेकराइले घेऊन," ती म्हणाली. "कुठं, ते नाही सांगतलं. बंदी उठाचीच वाट पाहून राह्यलता."