घरचं वळण

पाहुण्यांसोबत जेवताना नातीला ठसका लागला. तिने तोंडावर हात धरला, आवाज न करता खुर्ची मागे सरकवली आणि आत जायला निघाली.

"कुठे चाललीस? बस खाली!" आजोबा ओरडले. "इथेच खोक. मोठ्याने, सगळ्यांसमोर!"

पोरगी खोकत सुटली. हाताचा धक्का लागून पेला कलंडला. पाहुण्या बाईंनी आपलं ताट जरासं अलीकडे ओढलं.

"वळण बघावं ते याच घरचं, असं ऐकून होते," त्या हसून म्हणाल्या. "नातीला मात्र लाडावून ठेवलेलं दिसतंय."

नातीच्या वडिलांनी उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला. आजोबा मात्र खोकला पुरता थांबेपर्यंत नातीची पाठ चोळत राहिले. मग म्हणाले, "हिची आई गेली, त्या दिवशीही असेच पाहुणे होते. तिच्या घशात घास अडकला. तोंडावर हात ठेवून ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आम्ही इथे निवांत जेवत होतो. मी तर पाहुण्यांना कौतुकाने म्हणालोसुद्धा, बघा, आमच्या सुनेचा आवाज तरी येतोय का?"