मास्क आणि दीडशे ठोके

स्वाइन फ्लूच्या साली दवनीवाड्याचे बिसनलाल आणि त्यांच्या मुन्नीबाई मास्क लावून सकाळी फिरायला जाऊ लागले, आणि बिसनलालांचं काळीज दगा देऊ लागलं. फिरून आल्यावर एरवी पाच मिनिटांत पंच्याऐंशीवर येणारे ठोके आता दीडशेखाली उतरेनात. नामसप्ताह चार दिवसांवर आला होता, आणि ठोके उतरल्याशिवाय मृदंगाला हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद.

डॉक्टरांनी त्यांना मास्कसकट दवाखान्याचा जिना दोनदा चढवला, पाच मिनिटं बसवलं आणि घड्याळाकडे बघत नाडी धरली. ठोके भरले पंच्याऐंशी.

"काकाजी, घरी मोजता कसे?"

"मी मनगट धरतो, हे बाजूले बसून अभंग म्हणते. हिचा अभंग सरला का मिनिट झाला. वीस वर्सं झाले, सेकंद इकडचा तिकडे नाही."

"काकीजी, म्हणा बरं."

 

मुन्नीबाईंनी घरच्यासारखाच मास्कच्या आतूनच अभंग उचलला, दर ओळीला थांबून दम खाल्ला, आणि त्या शेवटच्या विठ्ठलापाशी पोचल्या तेव्हा डॉक्टरांच्या घड्याळात पावणेदोन मिनिटं झाली होती.