बिनऔषधाचा पिंजरा

"हातमोजे कुठं आहेत?" दाक्षायणीनं दारातूनच विचारलं.

बिरुदेवनं हातातला उंदीर पिंजऱ्यात ठेवला आणि हातमोजे चढवले. पन्नाशीच्या या माणसाला ती पहिल्या दिवसापासून अरेतुरे करत होती. कुंभारीहून सायकलवर यायचा, शर्टाला कुसळं, अंगाला शेळीचा वास. सोलापुरातल्या या कर्करोगाच्या प्रयोगशाळेत असल्या माणसाला कुणी घेतलं, हे तिला कोडंच होतं.

नियम तिनं भिंतीवर चिकटवले होते. उघड्या हातानं शिवायचं नाही, अत्तर लावायचं नाही, पिशवीतल्या पांढऱ्या गोळ्यांखेरीज काही खायला घालायचं नाही, पिंजरे हलवायचे नाहीत. हिरवा पालासुद्धा कॅमेऱ्यात गाठीसारखाच चमकतो, असली कारणं तिनं विद्यार्थ्यांनाच तेवढी सांगितली. मेंढरांमागं फिरलेल्याला काय सांगायचं? गाढवापुढे वाचली गीता.

एका औषधापायी तिची चार वर्षं गेली होती. दहा उंदरांच्या पोटात गाठी वाढवल्या होत्या. पाचांना औषध मिळत होतं, पाचांना नुसतं पाणी. आज विभागप्रमुख गुरुशांत सर निकाल बघायला आले होते. दोन्ही पिंजऱ्यांत फरक दिसला नाही, तर प्रकल्प आजच गुंडाळायचा, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

आदल्या दिवशी टोचलेला चमकता रंग एव्हाना गाठींत जाऊन बसला होता. भूल दिलेले उंदीर तिनं एकेक करून अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्याखाली ठेवले. औषधवाल्यांच्या पोटात हरभऱ्याएवढा ठिपका उमटला. बिनऔषधाच्यांचं अख्खं पोट निखाऱ्यासारखं पेटलं.

सर पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत राहिले. मग प्रकल्प चालू ठेवा म्हणाले, अभिनंदनही केलं. दाक्षायणीचे डोळे भरून आले. त्याच आनंदात तिनं जुना काटाही काढायचं ठरवलं. हा माणूस उद्यापासून इथं नको, तिनं सांगितलं. नियम पाळत नाही, त्या एका पिंजऱ्याशी सारखं काहीतरी चालू असतं, मला दिसत नाही असं वाटतं याला.

पोटावर पाय देऊ नका, एवढंच बिरुदेव पुटपुटला.

"सांग सरांना," ती म्हणाली. "काय लाड चालले होते तुझे?"

"चुकलं, सर." बिरुदेवनं मान खाली घातली. "औषदवाल्यांना मॅडम हायत की. ह्या बिनऔषदाच्यांना कोन हाय? म्हनून शेळीसाठी कापलेल्यातला मूठभर हिरवा घास रोज ह्यांनाच घालत आलो."