देव पाण्यात

शेजारची विनिता नवऱ्यासोबत, निनादसोबत, कॅरिबियनला डायव्हिंगसाठी निघाली आणि मंजुषाच्या पोटात दुखू लागलं. तिला स्वतःच्या नवऱ्याने दुबईजवळच्या अजमानपलीकडे काही दाखवलं नव्हतं. दुबईच्या देरा भागातल्या फ्लॅटमध्ये तिने देव्हाऱ्यातला गणपती खरोखरच पाण्यात घातला. "मेलीची सुट्टी बुडव, मगच बाहेर काढीन." वादळांचा मोसम सरता सरता तिकडे वादळ आलं. टीव्हीवर मोडलेले माड बघून तिला गार वाटलं. विनिता परतली तेव्हा डायव्हिंगचा मास्क कोराच होता. "समुद्रात पाऊलसुद्धा टाकलं नाही गं. दिवे गेले, काचा फुटल्या." मंजुषा खोटंखोटं चुकचुकली. "पण निनादने रात्रभर मला मिठीतून सोडलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा इतका बोलला," विनिता लाजली. मंजुषा घरी आली. "यल्ला, लवकर चहा टाक," टीव्हीसमोरूनच नवरा म्हणाला. तिने गणपती बाहेर काढला, पुसला आणि पुन्हा पाण्यात घातला. आता वादळ तिला स्वतःच्या घरात हवं होतं.